पऱ्याकाठची काळी वाट

"चपला नकोत, बूट घाल गो. कातळ निवला, पण ठोंब आतून धुमसत असतात," मामांनी ओटीवरूनच सांगितलं. वणवा विझून नऊ दिवस झाले होते.

जाकादेवीहून चाफ्यामार्गे गणपतीपुळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला मोठा सडा आहे, जांभ्याचं उघडं पठार. त्याच्या कडेवरून आमच्या वाडीचा पऱ्या खाली येतो. पावसात त्याचा आवाज अर्ध्या कोसावर ऐकू येतो. एप्रिलात मात्र तीन-चार डोह आणि त्यांना जोडणारी ओल एवढंच उरतं. काठाने जुनी वाट आहे. खाली जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, वर नुसती पायवाट. मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी मुलांना याच वाटेने सड्यावर नेते. गेली काही वर्षं वाडीतल्या पोरांनी घरात दोन-दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. देऊळ झालं, समुद्र झाला की ती पाहुण्यांना पऱ्याकाठाने फिरवून आणतात.

माझं म्हणणं मी आदल्या रात्री जेवतानाच मांडलं होतं. ही वाट पावसाळा संपेपर्यंत बंद ठेवायची. पाहुणे नकोत, विद्यार्थी नकोत, कुणीच नको. मामांना ते अजिबात पटलं नाही. या वणव्यात त्यांची पन्नासेक काजूची झाडं गेली, तरीही नाही. "उद्या चल, मग बोलू," म्हणाले. म्हणून आम्ही सकाळी सातला निघालो.

पाखाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या पायरीवर ते थांबले. डाव्या हाताला डोंगर काळा ठिक्कर होता आणि उजव्या हाताला करवंदीची जाळी हिरवीगार.

"इथवर आली आणि थांबली. का?"

"मध्ये पाखाडी आहे. दगडात काय जळणार?"

"दगड तर वरच्या वाडीच्या पाखाडीलाही आहेत. तिथनं आग सरळ पलीकडे गेली. ही वाट चालती आहे. पोरं शाळेला जातात, बायका देवळात जातात. पातेरा पायाखाली मोडतो, कडेचं गवत बसून जातं. वरच्या वाडीतली चारही घरं बंद. तिकडच्या पायऱ्यांवर गुडघाभर पातेरा साचलाय, त्यावरून आग अशी गेली की जणू वाट तिच्यासाठीच झाडून ठेवली होती. चालती वाट म्हणजे जाळरेषा. आणि तू ती बंद करायला निघालीस."

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येईना. वरच्या पाखाडीची अवस्था मी स्वतः पाहिली होती. पण पुढे पहिल्या डोहाजवळ माझी पाळी आली. सपाट कातळावर तीन दगडांची चूल होती. शेजारी तडकलेली काच, वितळून दगडाला चिकटलेलं प्लॅस्टिक.

"मामा, ही चूल कुणाची? चालणाऱ्यांचीच ना?"

ते काही बोलले नाहीत. मी त्यांना चुलीच्या वरच्या अंगाचं ऐनाचं झाड दाखवलं. खालच्या बाजूने खोड जेमतेम वीतभर काळं होतं, चढाच्या बाजूने पुरुषभर. आग पुढे सरकताना ज्योत खोडाच्या आडोशाला, वाऱ्याच्या पाठच्या बाजूला वर चढते. म्हणून खोडावरच्या काळ्या डागावरून आग कुठून कुठे गेली ते वाचता येतं. पुढची पाच-सहा झाडं पाहिली, सगळ्यांची साक्ष एकच. आग खालून वर गेली होती. वणवा याच चुलीतून सुटला असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तो याच अंगाने, पऱ्याकडून चढला.

"दुपारी लागली असणार," मामा म्हणाले. "सकाळचा मतलई असता तर खाली वाडीकडे रेटली असती. दुपारचा खारा वारा सुटला की तो आगीला डोंगरावर चढवतो."

वाऱ्याच्या जोडीला चढणही असते. उतारावर ज्योत वरच्या गवताच्या अंगावर झुकते आणि ते पेटायच्या आधीच सुकवून टाकते. चढण साधारण 10 अंशांनी वाढली की आगीचा वेग दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे. म्हणून डोंगरावर असताना खाली धूर दिसला तर वर पळू नये, कारण आग माणसापेक्षा वेगाने चढते. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. मी मामांना ते सांगितलं. "आपल्या पोरांपैकी एकालाही हे ठाऊक नाही, आणि ती दहा-दहा पाहुणे घेऊन वर जातात."

"मग त्यांना शिकव. वाट का बंद करतेस?"

त्यावर मी त्यांना बंद झालेल्या एका वाटेची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या खोऱ्यात ईगल क्रीक नावाची अशीच ओढ्याकाठची पायवाट आहे, खूप गाजलेली. 2 सप्टेंबर 2017 ला एका पंधरा वर्षांच्या मुलाने तिथे दरीत फटाका टाकला. जवळजवळ 50,000 एकर जंगल त्या वणव्यात सापडलं. कोर्टाने मुलाला 1,920 तास जंगलखात्याच्या हाताखाली काम करायला लावलं, आणि ती पायवाट तीन वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला त्यांच्या कामाचा तेवढा भाग उचलला.

"तिथे मुलगा सापडला. त्याला माहीत होतं की आपण लावली, आणि लोकांनाही कळलं. इथे कोण सापडतो?"

कोणीच नाही, हे खरं. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन कायदा, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक डोंगर खासगी आहेत. सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, काही देवाघरी गेलेली. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगी टिपते आणि नाव नोंदवलेल्यांना मोबाइलवर संदेश पाठवते. त्यातल्या बारीक नजरेच्या यंत्रालाही जमीन दिसते ती 375 मीटरच्या चौकटींनी. शिवाय उपग्रह डोक्यावरून जायची वेळ ठरलेली असते. सड्यावरचं गवत त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळातच पेटून विझतं. आमच्या वाडीला हा वणवा कळला तो वासाने. मग हिरवे टहाळे घेऊन अकरा माणसं धावली, त्यातली आठ साठीच्या पुढची.

त्या अकरांत मामा होते. हातावरचे फोड अजून वाळलेले नव्हते.

दुसऱ्या डोहाशी आम्ही जरा बसलो. तिथे त्यांनी जे सांगितलं, ते मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं.

"माझ्या लहानपणी सड्यावर जळायला गवतच नसायचं गो. दिवाळीनंतर कापणी सुरू व्हायची. गोठ्याला गवत, घर शाकारायला गवत, आंब्याच्या आढीला गवत. आमच्या एका घरात अकरा गुरं होती. झाडाखालचा पातेरा पाटीने भरून आणायचो, गुरांच्या पायाखाली घालायचो, उरला तो राबाला. वाळकी काटकी चुलीला. डोंगर झाडलेला असायचा, अंगणासारखा. तेव्हा कुणी बिडी टाकली तरी हातभर जळून विझायची. आता घरांवर पत्रे आले, चुलीच्या जागी गॅस आला, दूध पिशवीतनं येतं. वाईट झालं असं नाही, बायकांचा जीव सुटला त्या धुरातनं. पण ते सगळं गवत, सगळा पातेरा डोंगरावरच राहतो. माणसं जास्त झाली म्हणून वणवा लागत नाही. माणसं उरली नाहीत म्हणून लागलेला विझत नाही."

मी म्हणाले, "पण लावतं कुणीतरी माणूसच. आपल्याकडे एप्रिलात आभाळातनं ठिणगी पडत नाही. कुणी गवत चांगलं येईल म्हणून लावतं, कुणी रान मोकळं व्हावं म्हणून, कुणी शिकारीला. आणि राब?"

राब म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून ती जमीन भाजणं. त्याचं नाव काढताच ते ताठ बसले.

"राबाला मध्ये आणू नको. राब भाजणारा खाचरात उभा असतो. बांध साफ करतो, खराटा घेतो, पाण्याची कळशी ठेवतो आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत हलत नाही. वणवा लावणारा काडी टाकतो नि पाठ फिरवतो."

इथे मी त्यांच्या बाजूला आहे, पण पूर्ण नाही. भाजावळीमुळे तरव्याच्या जागेतलं तणाचं बी मरतं, राख मिळते, रोपं जोमदार येतात. शेतकऱ्याने हे पिढ्यान्‌पिढ्या उगाच केलेलं नाही. पण राबासाठी दर वर्षी ऐन-किंजळीची कवळं तोडून झाडं खांबासारखी भुंडी होतात. दुसरी रीतही आहे. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख घालतात आणि खाचरात गिरिपुष्पाचा पाला. भाताच्या गिरणीमागे तुसाचे ढीग पडलेले असतात. "मामा, तुम्ही एका वाफ्यात करून बघा," मी म्हटलं. "बघू," ते म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या 'बघू'ला मी नकार समजत नाही.

गवताबद्दल मात्र मी माघार घ्यायला तयार नव्हते. 'जाळलं की गवत फोफावतं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. आगीनंतर कोवळी हिरवळ लवकर दिसते, हे खरं. राखेत पोटॅश राहतं, पण नत्र धुरावाटे निघून जातं. वर्षानुवर्षं जाळत राहिलं की गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीच्या बियांना पीळदार शेपटी असते. दमट हवेत ती पीळ सोडते, कोरड्या हवेत भरते, आणि तेवढ्यावर बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. वरून आग गेली तरी खालचं बी सुखरूप. तीच गोष्ट रानमोडीची. ही परदेशी झुडपं उन्हाळ्यात कागदासारखी पेटतात आणि पहिल्या पावसात ठोंबातून पुन्हा उठतात. गवतासाठी लावलेली आग अशी रानमोडीच्या कामी येते.

"सडा तर दर वर्षी जळतो, तरी श्रावणात फुलांनी भरतो," मामा म्हणाले. "तूच मुलांना दाखवायला आणतेस ना?"

दाखवते. दीपकाडी दाखवते, जिचे पांढरे तुरे आपल्या कोकणपट्टीच्या सड्यांशिवाय जगात कुठे दिसत नाहीत. तिचा कांदा मातीत असतो. सड्यावर माती वीतभर, गवत विरळ, आग झरझर निघून जाते आणि आच फार खोल जात नाही. गेंद, सीतेची आसवं, कवला यांचं बी त्या वेळी झोपलेलं असतं. सड्याबद्दलचं मामांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण आम्ही बसलो होतो तो सडा नव्हता, तो पऱ्याचा काठ होता, आणि काठाची गोष्ट वेगळी.

मी त्यांना घेऊन कुंभ्याच्या झाडापाशी गेले. कुंभ्याची साल जाड, धाग्याधाग्यांची. जुन्या काळी तोड्याच्या बंदुकीची वात याच सालीची करायचे, कारण ती भडकत नाही, मंद धुमसत राहते. ते झाड बाहेरून कोळसा झालं होतं. मी नखाने साल खरवडली, आत ओलं गुलाबी दिसलं. हे जगेल. दहा पावलांवर कोकम होतं. पान एकही गळलेलं नाही, सगळी तांबूस होऊन जागच्या जागी वाळलेली, अर्धकच्चे रातांबे फांदीवर सुकलेले. त्याची साल खरवडली तर आतही तपकिरी. ओलाव्यातल्या सदाहरित झाडांना जाड सालीची कधी गरजच पडली नव्हती. पऱ्याकाठी आग हजारो वर्षं येत नसावी, असं ती झाडं स्वतःच सांगतात.

"हे मी लावलेलं नाही," मामा म्हणाले. "माझ्या आजाच्या वेळेपासून आहे. मामी सोलं काढायची याची."

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

मग मी बाटलीतलं पाणी राखेवर ओतलं. पाणी मुरलं नाही. अळूच्या पानावर घरंगळावं तसे थेंब गोळा होऊन उताराने गेले. पातेरा जळतो तेव्हा त्यातले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन खाली जातात आणि मातीच्या कणांवर त्यांचा लेप बसतो. अशी माती पाणी झिडकारते. रत्नागिरीत पावसाळ्याला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मृगाची पहिली सर या उतारावर मुरणार नाही, राख आणि वरची माती घेऊन सरळ पऱ्यात उतरणार.

"आणि त्याच पाण्यात चढणीचे मासे येणार," मामा स्वतःहून म्हणाले. वाडीतली पोरं त्या पहिल्या पुराला कंदील घेऊन उभी असतात. मासे खालून उलटे चढत येतात, अंडी घालायला. राखेच्या पाण्यात त्यांचं काय होतं, ते त्यांनी विचारलं. कल्ल्यांत गाळ बसतो, पाण्यातला प्राणवायू घटतो, एवढं मी सांगितलं. मला वाटलं, आता तरी ते वाट बंद करायला हो म्हणतील.

"मग माणसं तर आत्ताच हवीत," ते म्हणाले. "पाऊस यायच्या आत. हे जळके ओंडके उताराला आडवे घालायचे, मागे दगड लावायचे. माती तिथे अडेल. मी आणि तुझी मामी किती ओंडके हलवणार? वाट बंद केलीस तर फक्त फोटो काढणारे थांबतील असं नाही, हातही थांबतील."

हा युक्तिवाद मी दोन दिवस मनात घोळवते आहे. मी जंगलाला विश्रांती द्या म्हणत होते. पण इथलं हे रान कधीच माणसावाचून नव्हतं. ते कापलेलं, चारलेलं, झाडलेलं रान होतं. आपण ते वापरणं सोडलं आणि मालकी मात्र ठेवली. सोडलेल्या रानाला आणि विश्रांती घेणाऱ्या रानाला एकाच मापाने मोजता येत नाही, ही मामांची गोष्ट मला पटली. तरी वाट जशीच्या तशी खुली ठेवावी हे मला आजही मान्य नाही, आणि त्याचं कारण आम्हाला तासाभरात भेटलं.

तिसऱ्या डोहाच्या वर, जिथून पायवाट सड्यावर निघते, तिथे एक टिटवी ओरडत अंगावर आली. डोक्यावरून गेली, वळली, पुन्हा आली. दुसरी पुढे जमिनीवर लंगडल्याचं सोंग करत होती. मामांनी मला दंडाला धरून थांबवलं आणि बोट दाखवलं. मला काही दिसेना. मग दिसलं. माझ्या बुटापासून तीन हातांवर, पायवाटेच्या मधोमध, चार अंडी. मातकट रंगावर काळे डाग, काळ्या भुईत इतकी मिसळलेली की पुढचं पाऊल नक्की त्यावर पडलं असतं.

"जळल्यावर घातलीत," मामा हळूच म्हणाले. "तिला उघडी जमीन लागते."

"आधीची जळली म्हणून पुन्हा घातली असतील," मी म्हणाले. मार्चपासूनच टिटव्या बसतात.

दोन्हींतलं खरं काय ते टिटवीलाच ठाऊक. पण तिथून पुढे जायचं नाही, यावर आमचं एकमत व्हायला बोलावंही लागलं नाही. आम्ही आलो त्याच पावली परतलो.

उतरताना दूर खाली गणपतीपुळ्याची टेकडी दिसते. तिथे टेकडीलाच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा आख्ख्या टेकडीला घालायची. सुमारे एक किलोमीटरची ती वाट लाखो माणसं चालतात. उजव्या हाताला देव आहे हे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून तिथे तीन दगड मांडून कुणी चूल पेटवत नाही. मामा म्हणाले, "त्या वाटेवर माणसं आहेत म्हणून ती टेकडी राखली गेली." मी म्हणाले, "त्या माणसांना कसं चालायचं ते ठाऊक आहे म्हणून." तिथेही आमचं जुळलं नाही.

वाडीच्या बैठकीत मात्र जुळवावं लागलं. शाळेच्या पाखाडीपासून दुसऱ्या डोहापर्यंतची वाट चालू राहील. पाहुणे येतील, पण वाडीतला एक माणूस सोबत असेल, आणि काडीपेटी खालीच ठेवायची. दुसऱ्या डोहाच्या वर नवरात्रापर्यंत पाहुणे जाणार नाहीत. मे महिन्यात चार रविवार काठावर ओंडके आडवे घालायचं काम आहे, त्याला माझे विद्यार्थी येतील. दुसऱ्या डोहाच्या वर तेवढेच जातील, आणि टिटवीची पिल्लं उतरेपर्यंत तिच्या जागेपासून लांब राहतील.

खरं काम जानेवारीत आहे. तेव्हा गवत पिवळं पडलेलं असतं, पण पहाटेचं दव असतं. वीस हात अंतरावर गवताचे दोन पट्टे खरवडायचे, वारा पडलेला बघून मधलं गवत माणसांनी उभं राहून जाळायचं, आणि विझल्याशिवाय हलायचं नाही. सड्याच्या कडेने अशी जाळरेषा काढायला अकरा माणसं पुरत नाहीत.

तुम्ही गणपतीपुळ्याला येणार असाल आणि डोंगर चालायची आवड असेल, तर एप्रिलात जळलेलं रान बघायला येऊ नका. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी, उजाडायच्या आत या. कोयते आणि खराटे आम्ही देऊ.